गटारावरची फरशी

मंगळवार संध्याकाळ, बेलापूर

बाळाला सव्वा महिना झाला, आता बाहेर पडायचं. नणंदेचा पुण्याहून फोन आला, तिची दोन पोरं शेजारी-शेजारी बसतात ती रुंद बाबागाडी हवी का म्हणून. ह्यांनी लगेच दरवाजा मोजला. गाडी आत येते. पण दारापुढच्या गटारावरची फरशी कुणी मोजली? मी मोजली. एक चाक गटारात जाणार.

मग मीच नको म्हणून कळवलं. थोरली ओवी दोन वर्षांची झाली, पायी चालेल की. तिच्या जुन्या गाडीत बाळाला निजवू. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यापत्तुर न्हाई चालायची ती. मग कडेवर कोन घेनार? माझी कंबर हाय का तशी?" मी म्हटलं, बघू. पण खरंच फरशीमुळे नको म्हटलं, की विषय मिटवायचा होता मला?

ओवी सगळं ऐकत होती. दुपारपासून ती जुन्या गाडीत बसून आहे. खिचडीही तिथंच खाल्ली. एरवी पट्टा लावताना घर डोक्यावर घेते. आज तिनं तो स्वतःच लावलाय आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसलीये.

उद्या नणंदेला फोन करते. फरशी मोठी टाकू.