येस्परचा खांदा

२८ जानेवारी, मंगळवार

विटकमने आज हसून विचारलं, "लॉर्न, घर स्वतःचंच ना तुझं? नदीकाठचं?"

हो म्हणालो. "छान, छान," म्हणाला आणि निघून गेला.

संघाचा मॅनेजर होऊन सात महिने झाले या माणसाला, कधी माझ्याशी हवापाण्याचंही बोलला नाही. आज एकदम घर? मला इथून हलवायचं तर घर विकायला किती दिवस लागतील, हेच बघत असणार.

३० जानेवारी, गुरुवार

उणे चौतीस. इंजिन गोठू नये म्हणून गाडी रात्रभर प्लगला लावलेली होती, तरी सकाळी कुरकुरतच सुरू झाली.

सरावानंतर खाली कॅन्टीनमध्ये गेलो. डोरीन आणि येस्पर कोपऱ्यात बसले होते. मला बघितलं आणि दोघंही गप्प. डोरीन लगेच म्हणाली, "ये ये, बस. सूप चांगलं आहे आज."

बसलो नाही. डोरीन माझी एजंट आहे, चौदा वर्षं. येस्परचीही तीच. मीच ओळख करून दिली होती. तेव्हा वाटलं, पोरगा स्वीडनहून एकटा आलाय, कुणीतरी प्रामाणिक माणूस पाहिजे त्याच्या पाठीशी. पण एका बाईने दोघांचं भलं कसं करायचं, जेव्हा एकाचं भलं दुसऱ्याच्या मुळावर येतं?

२ फेब्रुवारी, रविवार

पेपरात आलंच. नाव घेतलेलं नाही, पण आमच्या सस्कटूनमधल्या शेंबड्या पोरालाही कळेल. "एक जुना लांबलचक करार संघाच्या गळ्यात अडकला आहे."

जुना लांबलचक करार म्हणजे मी.

सरळ लिहून काढतो, म्हणजे डोकं जागेवर राहील. आइस हॉकीच्या लीगने प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा घालून दिली आहे. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून त्या रेषेच्या वर जाता कामा नयेत. माझा करार आठ वर्षांचा, अजून तीन बाकी. केला तेव्हा मी लीगमधल्या पहिल्या दहा बचावपटूंत होतो, पगारही तसाच. आता चौतीस वर्षांचा आहे. पाय जड झाले, पगार तोच. येस्परचा करार उन्हाळ्यात संपतो. चोवीस वर्षांचा, संघात त्याच्याइतके गोल कुणाचे नाहीत. त्याला आठ वर्षांचा मोठा करार द्यायचा तर रेषेखाली जागा पाहिजे. जागा कुठून येणार? माझ्यातूनच.

फक्त एक अडचण आहे त्यांची. माझ्या करारात कलम आहे, माझ्या सहीशिवाय मला दुसऱ्या संघाला देता येत नाही. तेव्हा डोरीनने भांडून घालून घेतलं होतं. तीच आता सही मागायला येईल. सात मार्चला दुपारी संघांमधले खेळाडूंचे सौदे बंद होतात. त्याच्या आत.

५ फेब्रुवारी, बुधवार

पेट्रोल भरताना पंपावरचा म्हातारा म्हणाला, "तुझे दिवस होऊन गेले की रे. आता त्या पोराला मिळू दे."

म्हणालो, "तुमच्या अंगाला पेट्रोलचा फार वास येतोय." घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

९ फेब्रुवारी, रविवार

नादिया म्हणते, "विचार ना येस्परला सरळ. आपल्याच तळघरात दोन हिवाळे राहिलाय तो. आपल्या टेसाला स्केटिंग त्याने शिकवलं, तू नाही."

"विचारून काय? खोटंच सांगणार."

"आधीच ठरवलंस?"

चर्चच्या हॉलमध्ये बटाटा भरलेल्या गरम पेरोगी खायला गेलो होतो. लोक पाठीवर थाप मारत होते. पण नेहमीपेक्षा हलक्या हाताने. किंवा मलाच तसं वाटतंय. आजारी माणसाला मारतात तशी थाप.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जिंकलो. येस्परचे दोन गोल. दुसऱ्याला पास माझा होता. धावत येऊन गळ्यात पडला. मी त्याचा डावा हात बघत होतो, वर उचलतो की नाही. खांद्याच्या वर नाही उचलला.

हे फक्त मला माहीत आहे. नव्या वर्षाच्या आठवड्यात बाहेरगावी खेळायला गेलो होतो, तेव्हा हॉटेलच्या खोलीत शर्ट काढताना त्याचा खांदा निखळला. पांढराफटक पडला होता. मीच ओढून बसवला, मला येतं ते. म्हणाला, "दुसऱ्यांदा झालंय. डॉक्टरांना नको सांगूस. करार होऊ दे, उन्हाळ्यात ऑपरेशन करून घेईन. शपथ?"

शपथ, म्हणालो. तेव्हा मनापासून म्हणालो होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. नादियाला फुलं आणायला गावात गेलो. क्लबच्या ऑफिसवरून गाडी घेतली. (कशाला घेतली? रस्ता वाकडा पडतो.) दारात येस्परची हिरवी गाडी, शेजारी डोरीनची आणि विटकमची. सुट्टीच्या दिवशी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्केट बांधताना सहज विचारलं, "काल काय केलंस?"

"मासे धरायला गेलो होतो. तळ्यावर, बर्फ फोडून."

"मिळाले?"

"नाही," म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "थंडी फार होती."

खोटं बोलता येत नाही त्याला. तरी बोलला. माझ्याशी.

मीही हसलो. "पुढच्या वेळी मलाही सांग," म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फिजिओने माझं कंबरेचं दुखणं दोनदा तपासलं आणि काहीतरी लिहून घेतलं. कुणासाठी लिहितोस, विचारलं. "फाईलसाठी रे बाबा, दर महिन्याला लिहितो," म्हणाला. खरंच लिहितो का? आठवत नाही. सही नाही मिळाली तर मला बरेच महिने जायबंदी ठरवतील, तेवढ्यात पगार मोजत नाहीत, म्हणजे रेषेखाली तेवढी जागा तात्पुरती मोकळी. हाही रस्ता आहे त्यांच्याकडे.

आजपासून दुखतंय म्हणून कुणालाच सांगायचं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. टेसावर ओरडलो, उगाच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डोरीनचा फोन. "लॉर्न, एक ऐक माझं. आठवडाभर कुणाशी काही बोलू नकोस. पेपरवाल्यांशी नाही, विटकमशी नाही. सगळं नीट होणार आहे."

"कुणाचं नीट?"

"सगळ्यांचं."

"मी सही करणार नाही, डोरीनबाई."

"कुणी मागितली का तुझी सही?" एकदम तोडून बोलली. मग म्हणाली, "चौदा वर्षं झाली रे. एक आठवडा विश्वास ठेव."

काय चाललंय ते सांगणार नाही, पण विश्वास ठेव! मला गप्प बसवायचं, आठवडाभरात सगळं पक्कं करायचं, आणि शेवटच्या दिवशी तासाभराची मुदत देऊन कागद पुढे सरकवायचा. बायको, पोर, घर, सगळं सोडून कुठल्यातरी समुद्रकाठच्या गावी जाऊन तिसऱ्या फळीत बसायचं. नाही म्हटलं तर गाव म्हणणार, पोराच्या आड आला.

नादियाला सांगितलं. ती म्हणाली, "मग ठेव की एक आठवडा."

तीसुद्धा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

विटकमकडे गेलो. स्वतःहून, वेळ न घेता. मनात सगळं पाठ केलं होतं: माझं कलम आहे, मी हलणार नाही, काय करायचं ते करा.

त्याने बसायला सांगितलं. कॉफी दिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "बरं झालं आलास. तुझ्याशी बोलायचंच होतं. येस्परला आठ वर्षं द्यावीत असं वाटतं तुला? ड्रेसिंग रूममध्ये तू त्याला सगळ्यात जवळून ओळखतोस."

आठ वर्षं. माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं तर.

म्हणालो, "खेळाडू चांगला आहे. पण खांदा बघून घ्या."

"कुठला खांदा?"

"डावा."

कॉफी अर्धी तशीच टाकून उठलो. विटकमने पेन्सिल खाली ठेवली होती. तो हसत नव्हता.

बाहेर आल्यावर हलकं वाटलं. जिन्यापर्यंतच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

खोटं तर नाही ना सांगितलं. खरंच आहे ते. आठ वर्षांचा करार करणाऱ्याला हे माहीत असायला नको? संघाचंच भलं.

हे वाक्य सकाळपासून चारदा मनात म्हणून झालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

येस्पर सरावाला नव्हता. फिजिओ म्हणाला, डॉक्टरांनी बोलावलंय. मला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

३ मार्च, सोमवार

सगळ्यांना कळलंय. खांद्याच्या आतलं फाटलेलं आहे, बरेच दिवसांपासूनचं. ऑपरेशन, मग सहा महिने बाहेर. आणि परत फाटणार नाही याची खात्री द्यायला डॉक्टर तयार नाहीत. आठ वर्षांचं बोलणं थांबलं. लपवून ठेवलं म्हणून विटकम भडकलाय, असं ऐकलं.

येस्पर दुपारी सामान घ्यायला आला होता. मी शॉवरमध्ये होतो. पाणी चालू ठेवून तसाच उभा राहिलो, तो जाईपर्यंत.

७ मार्च, शुक्रवार

सौदे बंद व्हायला वीस मिनिटं असताना येस्परला देऊन टाकलं. दक्षिणेकडच्या एका संघाला, बदल्यात नवखे दोन खेळाडू. तिथे त्याला एकाच वर्षाचा करार मिळेल म्हणतात. बरा झाला तर पुढचं बघू, असा.

माझ्यापुढे कुणी कागद ठेवला नाही. दिवसभर फोन हातात घेऊन बसलो होतो.

संध्याकाळी निरोप घ्यायला घरी आला. हात गळ्यात बांधलेला. नादियाने ताट वाढलं, नीट जेवला, दुसऱ्यांदा बटाटे घेतले. टेसा रडायला लागली तर तिला म्हणाला, "अगं, तिकडे बर्फच नाही. मला तुमच्याकडेच यावं लागणार स्केटिंगला."

दारात उजवा हात पुढे केला. मी म्हणालो, "वाईट झालं रे."

त्याने गळ्यातला पट्टा सारखा केला. मग म्हणाला, "तू इथेच राहा, लॉर्न. तुला दुसरीकडे करमणार नाही."

गाडी काढायला त्याला मदत लागली. मी फावड्याने बर्फ ओढून दिला. एका हाताने स्टिअरिंग फिरवत गेला.

१२ मार्च, बुधवार

डोरीन आली होती. यापुढे माझं काम बघणार नाही म्हणाली. कागद ठेवले, कोट काढलाच नाही.

तिने सांगितलं, येस्परने बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पगारावर आठ वर्षं कबूल केली होती. रेषेखाली मीही मावेन एवढा कमी. अट एकच, लॉर्नकडे कुणी सही मागायची नाही, तीन वर्षं त्याला इथेच संपवू द्यायची. विटकमने हो म्हटलं होतं. "तुला कळलं असतं तर तूच नको म्हणाला असतास. म्हणून न सांगण्याचं वचन घेतलं त्याने माझ्याकडून. गुरुवारी सह्या होत्या. तू बुधवारी विटकमकडे गेलास."

विचारलं, "कुणी सांगितलं ते त्याला कळलंय?"

"डॉक्टरांनी डावा हात वर कर म्हटलं, तेव्हाच कळलं," डोरीन म्हणाली. "डाव्या खांद्याचं एकट्या तुलाच ठाऊक होतं."

म्हणजे शुक्रवारी आमच्याकडे जेवला, तेव्हा त्याला माहीत होतं.