पोल्टूची ट्रीटमेंट

२ डिसेंबर
पोल्टू सकाळपासून एका कुशीवर पोहतोय. पोट फुगलंय.

पोल्टू म्हणजे पिशीचा गोल्डफिश. आणि पिशी म्हणजे माझी सख्खी आत्या, वय ब्याऐंशी. नवरा गेल्यापासून तिच्या ताटात मासा आलेला नाही. काचेतला मात्र बिछान्याशेजारीच असतो, आणि दिवसभर ती त्याच्याशी बोलते. माझ्याशी एवढी बोलत नाही.

परवा त्याला दाणे टाकायला विसरलो होतो. म्हणून काल भरपाई केली. जरा सढळ हाताने. पण भूक नव्हती तर त्याने खायलाच नको होतं. पिशीने विचारलं, निरू, काय झालं रे याला? म्हटलं, हवा बदलली. हे काही अगदीच खोटं नाही. हवा बदललीच आहे.

३ डिसेंबर
शुभ्रा म्हणाली, माशाच्या दुकानात जाऊन विचारा. बायकोला कसं समजवायचं? दुकानदार मासे विकतो, मी रोग बघतो. रिटायर झाल्यापासून होमिओपॅथीची पुस्तकं वाचतोय ती काय उगीच? पिशीचा गुडघा कोणी बरा केला? पूर्वी जिना उतरायची नाही. आता माझ्या गोळ्या घेऊन रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी कालीच्या देवळात जाऊन येते. आमच्या सगळ्या बागबाजार वस्तीला माहीत आहे.

निदान : थंडी बाधली. (मला स्वतःला काल दोनदा शिंक आली होती.) समोरची काच सोडून टाकीभोवती माझी जुनी शाल गुंडाळली. वर बल्ब. पाण्यात औषध सुरू. गोळ्या साबुदाण्याएवढ्या, त्यामुळे माशाला गिळायला त्रास नाही.

खूप बरं वाटलं. मलाच.

४ डिसेंबर
जेवायला रुई माशाचं डोकं घालून केलेली मुगाची डाळ. माझ्या खुर्चीवरून पिशीच्या खोलीतली टाकी सरळ दिसते. पोल्टू काचेला तोंड लावून होता. ताटातलं डोकंही माझ्याकडेच बघत होतं. मी खुर्ची फिरवून बसलो, तरी घास उतरेना. मन खात होतं, आणि मला खाऊ देत नव्हतं.

निश्चय : पोल्टू बरा होईपर्यंत मासे बंद. शुभ्राला तसं जाहीर केलं. ती म्हणाली, बघू.

५ डिसेंबर
मानिकतल्याच्या बाजारात जिवंत कोई, म्हणजे वीतभर मासे, आले होते. हिवाळ्यातला पहिला कोई. नीट विचार केल्यावर लक्षात आलं की कालचा निश्चय मोठ्या माशांबद्दल होता.

फुलकोबी घालून केला. वाढताना शुभ्रा नुसती टाकीकडे बघत होती. ते जास्त लागलं.

६ डिसेंबर
पाणी गढूळ दिसतंय. शुभ्रा म्हणाली पाणी बदला. पाणी बदललं तर औषधाची सगळी शक्ती मोरीत जाणार. हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं. म्हणाली, अहो, शक्ती कसली, वास येतोय.

पुस्तकात स्पष्ट आहे : रोग आधी उसळतो, मग उतरतो. सध्या उसळतोय. डोस वाढवला.

संध्याकाळी पोल्टू वर येऊन सारखं तोंड उघडत होता. भूक परतली! नव्या गुळाच्या संदेश मिठाईचा चुरा टाकला. पिशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली, तू आहेस म्हणून मला घोर नाही. मी म्हटलं, शंभर टक्के वाचणार. साठ म्हणायला हवं होतं.

७ डिसेंबर
पाणी पेजेसारखं पांढरं. पोल्टू दिसत नाही, अंदाजाने बघावं लागतं. दुपारी झोप आली नाही. जेवणानंतर झोप न येणं हे माझ्या बाबतीत साधं लक्षण नव्हे.

तरी दुकानात गेलो नाही. एवढ्या दिवसांनी जाऊन काय सांगायचं? आधी का नाही आलात, असंच विचारणार.

८ डिसेंबर
पोल्टू गेला.

सकाळी पिशीने हाक मारली तेव्हाच आवाजावरून कळलं. तुळशीच्या कुंडीत पुरला. ती कुंडीशेजारी बसून राहिली. मला भडभडून आलं, पण अशा वेळी घरात कोणीतरी खंबीर राहायला हवं, म्हणून म्हटलं, पिशी, औषध नसतं तर हा त्याच दिवशी गेला असता. औषधामुळेच त्याने आठवडाभर तग धरला.

तिने मान हलवली. म्हणाली, ते मला ठाऊक आहे. मग हळूच सांगितलं, की तिने आपल्या बाटलीतल्या गोळ्याही रोज मूठभर टाकीत टाकल्या होत्या. सकाळचा डोस स्वतः घ्यायची, संध्याकाळचे सगळे त्याला. मोठं दुखणं, थोड्याने काय भागणार? आणि तुझ्या हातचं औषध.

शुभ्रा मोरीत टाकी रिकामी करत होती. बोटाला चिकट लागलं म्हणून तिने बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. साखर. मी आत येऊन बसलो. पुस्तक उघडलं नाही.

१० डिसेंबर
भलतंच झालं. पिशीने डॉक्टर पालितांची ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. म्हणे, मरणाच्या दारातल्या जिवाला ज्या औषधाने आठवडाभर धरून ठेवलं ते सोडून ही कडू रसायनं कशाला? आता फक्त निरूचं औषध.

खरं लिहितो. अर्धा कप चहा होईपर्यंत मला आनंद झाला होता.

मग जिन्यात तिचा तोल गेला. शुभ्राने धरलं म्हणून बरं. पिशीचा हात धरून तिला बिछान्यापर्यंत आणलं. म्हटलं, पिशी, माझं औषध पालितांच्या गोळीबरोबरच लागू पडतं. हसली. म्हणाली, अगदी बापावर गेलास, स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीस.

संध्याकाळी पालितांची गोळी कुटून संदेशात घातली. तिने घास थुंकला आणि मिठाईवाल्याला नावं ठेवली. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

११ डिसेंबर
आज सगळं सांगून टाकणार होतो. पण गुरुवार, घरात लक्ष्मीची पूजा. अशा दिवशी मरणाचं बोलणं बरं नाही.

१२ डिसेंबर
आज शुक्रवार होता, पण पिशीचं डोकं दुखत होतं. दुखत असताना कसं सांगायचं? डोकं का दुखत होतं ते मला माहीत आहे. शुभ्राने ताट पुढे ठेवलं आणि विचारलं, तुम्ही सांगताय की मी सांगू? भात तसाच राहिला.

१३ डिसेंबर
सांगितलं.

भाषण तयार केलं होतं. त्यात शास्त्राच्या मर्यादा वगैरे होत्या. तिच्यासमोर बसल्यावर सगळं विसरलो. म्हटलं, "पिशी, त्या गोळ्या साखरेच्या आहेत. पाणी त्यांनीच नासलं. पोल्टू थंडीने नाही गेला."

तिने टाकीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मी रोज मूठ मूठ..."

"तू नाही. मी. दाणेही मीच जास्त टाकले होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता हात पुढे केला. मी पालितांची गोळी ठेवली. तिने ती पाण्याबरोबर गिळली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

निश्चय : काही नाही.

१५ डिसेंबर
पालित येऊन गेले. प्रेशर उतरलंय, काळजी नको म्हणाले.

पिशी सकाळी देवळात गेली नाही. कालही नव्हती गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच परत फिरली. शुभ्राने विचारलं तर म्हणाली, "गुडघ्यात जीवच नाही गं बौमा." (सुनेला ती बौमाच म्हणते.)

मी दारातच उभा होतो. पिशी माझ्याकडे बघून म्हणाली, "खरं बोललास ते चांगलं केलंस, निरू. पण मासा गेला तो गेला, आता गुडघाही गेला."

मी आत जाऊन मोहरीचं तेल गरम करून आणलं आणि खाली बसून चोळायला लागलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "यात तरी काही आहे का रे?"

मी म्हटलं, माहीत नाही.