पांढऱ्या पेशी आणि पेलाभर दूध

आबा, तुमची तब्येत कशी आहे? अंगात ताप तर नाही ना आता? आईचा दमा कसा आहे? आणि आजीचे गुडघे? तिघंही तिकडेच गेलात, म्हणून तिघांचंही तुम्हालाच विचारते. माझं म्हणाल तर मध्यंतरी अशक्तपणा वाटत होता म्हणून रक्त तपासून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, पांढऱ्या पेशी जरा कमी दिसतात." हेच तुम्ही एकदा पिंपरीच्या कंपनीतून ऐकून आला होतात, आणि आपण सगळे हसलो होतो.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. सायकल कुडाला टेकवून तुम्ही ओट्यावर बसला आहात. रंगखात्यात रंगवायच्या आधी पत्रे थिनरच्या टाकीत बुडवून उघड्या हातांनी धुवायचं तुमचं काम. साबणाने कितीही घासलं तरी हाताचा तो वास जात नाही. कंपनीत वर्षाची तपासणी झालेली आहे. "रगतात पांढरं कमी हाय म्हनं," तुम्ही सांगता, "डॉक्टर बोलला, दूध पीत जा." आई म्हणते, "मंग त्यात काय एवढं! पांढरं कमी, तर पांढरं खायाचं." तुमच्याच खात्यातले शेजारचे काका पलीकडून ओरडतात, "राव, आता म्हशीच्या गोठ्यातच शिफ्ट लावून घ्या!" त्या दिवसापासून दही, भाताची पेज, ओलं खोबरं, जे पांढरं दिसेल ते आई तुमच्या पानात वाढायला लागली. कंपनीही रंगखात्याला पेलाभर दूध द्यायची. ते पिऊन तोंड पुसायचं आणि पुन्हा टाकीवर.

शाळा माझी चौथीपर्यंतच, पण विचारायची लाज मला कधी वाटली नाही. डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं, मग वाचनालयातून पुस्तकंही आणली. आबा, खाण्याच्या रंगाचा त्या पेशींशी काडीचा संबंध नाही. त्या हाडातल्या मगजात तयार होतात. आपल्या गावी, मोशीत, कडब्याच्या गंजीला ठिणगी लागली की माणसं बादल्या घेऊन धावायची ना, तशा त्या जखमेकडे धावतात. माझ्या एका गोळीने कमी झाल्या होत्या; गोळी बदलली, मी सुधारले. तुमची टाकी बदलायला हवी होती. तिच्यातल्या थिनरच्या वाफेने तुमच्या हाडातला मगजच मारत आणला होता, आणि वरून दूध पाजत होते! पेशी कमी आहेत हे कंपनीच्या ज्या डॉक्टरला कळलं, त्याला त्या कशाने कमी झाल्या एवढं कळलं नसेल? मग रक्त कशाला काढून घेत होता मेला?

पुढच्या वर्षीच्या तपासणीनंतर तुम्ही घरी आलात, "बरं हाय" एवढंच म्हणालात आणि आईने पुढे केलेला पेला माझ्याकडे सरकवलात. "पोरीला दे." आई भडकली, "का? माझ्या हातचं इख लागतंय व्हय?" त्यानंतर तुम्ही दुधाला तोंड लावलं नाहीत. थोड्याच दिवसांत पत्र्याची धार घोट्याला लागली. नुसता ओरखडा. ताप चढला तो उतरलाच नाही. आई शेवटपर्यंत म्हणायची, "दूध सोडलं, म्हून गेले. नरडं धरून पाजाया पायजे व्हतं मी." मला हे सगळं कळलं तेव्हा ती राहिली नव्हती. भेटली की तिला एवढं जरूर सांगा, तिची काही चूक नव्हती.

आणि मला एवढंच सांगा, त्या दुसऱ्या तपासणीला डॉक्टरने तुम्हाला काय सांगितलं होतं? कळलं होतं का सगळं? कळूनही दुसऱ्या दिवशी कामावर जायला सायकल काढलीत, आमच्यासाठी? त्या विचाराने तुमचा इतका राग येतो की भाकरी थापता थापता हात थांबतो. हे पत्र टाकायचं कुठे, तेही मला ठाऊक नाही. पण मनातलं सांगते, तुम्हाला नुसता दुधाचा कंटाळा आला होता, एवढंच मला ऐकायचं आहे. तेवढं लिहा, आणि लवकर लिहा.