मित्रबुरशी

बारामती,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

रामहरीराव,

नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पळसदेवला पाणी अजून टिकून आहे असं कळलं, म्हणजे तुमच्या उसाची काळजी नाही. अंथुर्ण्यात आमची डाळिंबाची छाटणी उरकली आणि लगेच हे दुखणं उपटलं.

तुमच्या बहिणीची प्रकृती आहे तशीच आहे. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत आहे, श्वास मशीनवर. मानेतल्या शिरेत एक नळी आहे, तिच्यातून औषधं जातात. दुसरी नळी नाकातून पोटात, तिच्यातून पातळ खाणं आणि प्रोटीनची पावडर. पावडरच्या डब्यावरचं मी सगळं वाचून काढलं. पाणी किती कोमट हवं म्हणून विचारलं, तर निकिता सिस्टर हसली. "आप्पा, घरी सैपाकात पण एवढं बघता का?" माधवी शुद्धीवर असती तर तिनंच परस्पर सांगितलं असतं, "कुठलं बाई! यांचं लगीन माझ्याशी, पण ढवळायला मातूर रोज बागेतला ड्रम."

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "दाजी, तुमी तितं हाय म्हणून मी निवांत हाय." ते ऐकून मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहितो आहे.

तुम्हाला आमची बाग ठाऊक आहे. मर रोगानं अर्धी झाडं वाळली होती, औषधं ओतून ओतून माती मेली होती. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. पुस्तकं मागवून वाचली, ड्रममध्ये गूळ घालून ट्रायकोडर्मा वाढवला आणि ठिबकमधून मुळाशी सोडला. मित्रबुरशी म्हणतात तिला, वाईट बुरशीला खाते. बाग परत फुटली. तेव्हापासून लोक माती घेऊन माझ्याकडं येतात, हे तुम्ही स्वतः पाहुण्यांत सांगत फिरता.

इथं अँटिबायोटिकनं माधवीला जुलाब लागले. मला वाटलं, हे तर माझंच काम. पोटातली चांगली वस्ती औषधानं मेली आहे, तिथं परत चांगलं काहीतरी सोडलं पाहिजे. डॉक्टरांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "इतक्या आजारी पेशंटला ते आम्ही देत नाही. कारण आहे." कारण त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला राग आला होता, खरं तेच लिहितो. मी मेडिकलमधून कॅप्सूल आणल्या. आत जिवंत यीस्ट होतं, तीही बुरशीच. नाकातली नळी मला ठिबकसारखीच दिसली.

सिस्टर दुसऱ्या खाटेकडं वळली की मी कॅप्सूल नखानं उघडायचो, पाण्यात कालवायचो आणि सिरिंजनं सोडायचो. पूड बारीक, उडायची. एकदा तिच्या मानेतल्या नळीवरची पट्टी कडेनं सुटलेली दिसली. ती मी बोटानं दाबून बसवली. हात पुसला होता, धुतला नव्हता.

रामहरीराव, छाटणीच्या वेळी मजुरांवर मी काय ओरडतो ते तुम्ही ऐकलं आहे. ड्रममधल्या स्लरीचा हात ताज्या कापाला लावायचा नाही, तिथं आधी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. मुळाशी जी मित्र असते ती उघड्या जखमेत मित्रच राहील याची खात्री नाही. हे मी झाडांच्या बाबतीत शिकवतो.

काल तिला कापरं भरून ताप आला. आज सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"यांच्या रक्तात यीस्ट वाढलंय. बाहेरचं काही दिलंत का? ताक, पावडर, कॅप्सूल, काहीही?"

"न्हाय," मी म्हणालो.

"नक्की? मानेतली नळी काढून दुसरी घालायला यांच्या प्लेटलेट फार कमी आहेत, रक्तस्राव होऊ शकतो. उगाच हात घालायचा नाही. पण यीस्ट त्या नळीतूनच गेलं असेल, तर ती आत ठेवून नुसत्या औषधानं भागणार नाही."

"न्हाय म्हणलं की."

त्या निघून गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहायला घेतलं. खिशात अजून कॅप्सूल आहेत. मी बोललो नाही तर ती नळी तशीच राहणार. बोललो तर तुम्ही, गाव, सगळे म्हणणार, आप्पानं बायकोला आपल्या हातानं... पुढचं लिहवत नाही. तुम्हाला सांगायचं म्हणून हे पत्र घेतलं आणि ज्यांना सांगायला पाहिजे त्या तर दहा पावलांवर आहेत. उठतो.

सांगून आलो.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कॅप्सूलचं पाकीट हातात घेतलं, नाव वाचलं, आणि पळत आत गेल्या. निकिता सिस्टर मात्र माझ्यासमोर उभी राहिली. "खिसे दाखवा, आप्पा." मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तिनं पुन्हा विचारलं, "आणखी काय न्हाय ना? खरं सांगा." त्या पोरीनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तिचं बरोबर होतं.

आता आत मानेतली नळी बदलायचं चाललं आहे. रक्त आणायला माणूस धाडला आहे. वाचेल का म्हणून दारातच विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "माहेरची माणसं बोलावून घ्या." दार बंद आहे. आतून मशीनचा आवाज येतो. तो थांबला की माझा श्वास थांबतो, पुन्हा सुरू झाला की घेतो.

हे पत्र इंदापूरकडं निघालेल्या ओळखीच्या टेम्पोवाल्याजवळ देतो आहे. तो तुमच्या दारातच थांबणार आहे, त्याच्याबरोबरच निघा. मला काय बोलायचं ते इथं आल्यावर चारचौघांत बोला, मी मान वर करणार नाही. पण आत आधी तुम्ही जा. मला परत तिच्याजवळ सोडणार की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिला हाक मारा. तुमचा आवाज ती ओळखेल.

दाराबाहेर उभा असलेला,
आप्पासाहेब