खोडलेलं पाचवं कलम

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, चष्म्यांच्या काचा घासण्यात छत्तीस वर्षं घालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे का, अशी घरात शंका आहे. तिचं निरसन आधी करते.

कलम १. दोन वर्षांपूर्वी माझी देवावरची श्रद्धा उडाली. त्याच सुमारास झोप गेली, भूकही गेली. नणंदबाई म्हणाल्या, "म्हातारचळ लागलाय." थोरला मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि त्याला सांगितलं, "उदासीपणावर गोळ्या देते. शंका हा काही आजार नाही." गोळ्यांनी झोप आली, भूक आली. श्रद्धा काही आली नाही. दाखला सोबत जोडला आहे.

कलम २. राहतं घर यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला. त्यांच्यानंतर थोरला आणि धाकटी यांना निम्मं-निम्मं.

कलम ३. काचा घासायचं यंत्र धाकटीला. ती ते विकणार, ठाऊक आहे, विकू दे. माझी लोकरीची शाल नणंदबाईंना. मनात अढी आहे, पण थंडी त्यांनाही वाजते.

कलम ४. भिंग थोरल्याला. मी बरी होत होते तेव्हा एका दुपारी हे झोपले होते, आणि मी सहज यांच्या मनगटावर भिंग धरलं. कातडीवर किती बारीक रेघा, एकमेकींत गुंतलेल्या, आणि खाली नाडी उडतेय. मी बघतच राहिले. हे कोणी घडवलं असेल तर नवलच. कोणीच घडवलं नसेल तर त्याहून मोठं नवल. प्रार्थनेला बसून मी इतकी थक्क कधी झाले नव्हते. थोरल्याने एकदा तरी बघावं.

कलम ५. ~~माझ्या मागे माझ्यासाठी कोणीही प्रार्थना करू नये.~~ हे वाक्य मी स्वतः खोडलं असून खाडाखोडीवर सही केली आहे. कारण असं. गेल्या आठवड्यात यांची संध्याकाळची प्रार्थना संपली तरी हे उठेनात. मग हळूच म्हणाले, "तिला सध्या जमत नाहीये. हे तिच्या वाटचं." आणि सगळी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली. गुडघे दुखतात हो यांचे. धाकटी म्हणते, दोन वर्षं रोज असंच चाललंय.

सबब, माझ्या मागे यांना कोणीही अडवू नये. वर कोणी ऐकतं का, मला माहीत नाही. मी दाराआड उभी होते. मी शेवटपर्यंत ऐकलं.

स्थळ: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: चष्मेवाली

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळणार नाही):
१. डॉक्टरीणबाई
२. शेजारचे शिंपी