निळ्या वहीचे अठ्ठाविसावे पान

मी, या कागदाच्या शेवटी सही करणार असलेला, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, आज पूर्ण शुद्धीत आणि माझ्या खुशीने माझ्यामागच्या व्यवस्थेविषयी लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मुलीचा धाक आहे, पण तो ती दहा वर्षांची असल्यापासून आहे, त्याला कायद्यात दडपण म्हणत नसावेत. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हृदयाबद्दल त्यांनी जे सांगितले, त्यामुळेच हे लिहिणे आले.

यापूर्वी तीन वेळा मी मृत्युपत्र लिहायला घेतले. ती रद्द समजावीत असे म्हणायचीही गरज नाही, कारण तिन्ही पाचव्या कलमापाशी अर्धवट पडली आहेत. पहिल्याला तर मी आधीच कातडी पुठ्ठा बांधून वर सोनेरी अक्षरे उठवली होती. या वेळी साधे रेघी कागद घेतले आहेत आणि साक्षीदारांना चार वाजता बोलावून ठेवले आहे. आता दोन वाजले आहेत.

कलम १. खाली दुकान आणि वर दोन खोल्या असे हे घर माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. विकायचे असल्यास तिने खुशाल विकावे, भिंतींत माझा जीव अडकलेला नाही. राहायचे असल्यास वरच्या खिडकीची कडी आधी उचलून मग ओढावी, नाहीतर बोट चेमटते.

कलम २. बँकेत जे असेल ते तिचेच. फार नाही, फार कधीच नव्हते.

कलम ३. दाबाचा प्रेस, कापायचे यंत्र, शिवणीची चौकट, सुया, दोरा आणि सोनेरी अक्षरांचे ठसे, हे सर्व माझ्याकडे अकरा वर्षे काम केलेल्या बाईंना द्यावे. त्यांनी बाजाराच्या पलीकडे स्वतःचे दुकान काढले तेव्हा त्यांनी माझी गिऱ्हाइके फोडली, असे मी चार लोकांत म्हणालो होतो. ते खोटे होते. त्यांची बांधणी माझ्यापेक्षा सरळ होती आणि गिऱ्हाइकांना डोळे होते. हे वाक्य त्यांना वाचून दाखवावे आणि मगच सामान न्यायला सांगावे.

यातून घडी घालायची हाडाची पट्टी वगळावी. ती पत्नीची. तीस वर्षे तिने छापील कागदांच्या घड्या घातल्या, त्या पट्टीला मधोमध तिच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. ती मुलीने ठेवावी.

कलम ४. धाकट्या भावाला माझी लोखंडी फूटपट्टी. लहानपणी त्याने ती मागितली होती, मी दिली नाही. पुढे एकदा घरी पाहुणे असताना त्याने माझ्या कपाटातल्या वह्यांच्या पाठीवरची सोनेरी नावे एकेक करून मोठ्याने वाचली आणि म्हणाला, “दादाची पुस्तकं बाहेरूनच वाचायची असतात.” सगळे हसले, मीही हसलो, आणि त्यानंतर दोन वर्षे त्याच्या घरची पायरी चढलो नाही. तो खरे बोलला याचा राग होता. फूटपट्टी त्याने घ्यावी आणि माझ्याबद्दल आता काय बोलायचे ते बोलावे.

कलम ५. आता वह्या. त्या एकोणीस आहेत.

माझी रीत अशी. गोष्ट सुचली की मी आधी वही बांधायचो. कागद निवडायचा, शिवायचा, पुठ्ठा चढवायचा, पानांवर पेन्सिलीने आकडे घालायचे, पाठीवर गोष्टीचे नाव सोन्यात उठवायचे, आणि मग पहिल्या पानावर पहिली ओळ. बांधणीवाल्याखेरीज हा गाढवपणा दुसरा कोणी करणार नाही. ते चार दिवस मला तहानभूक नसायची. नाव सोन्यात चमकायला लागले की आतून वाटायचे, झाली गोष्ट. नऊदहा पानांनंतर हात जड व्हायचा. मग वाटायचे, ही गोष्टच फुसकी होती, दुसरी जास्त चांगली आहे, आणि मी दुसऱ्या वहीचा कागद कापायला घ्यायचो.

उपाय कमी केले नाहीत. रोज सकाळी एक पान असा नेम केला, तो अकरा दिवस टिकला. पेन दोऱ्याने टेबलाला बांधून पाहिले. एकदा पत्नीला म्हणालो, घरातला सगळा पुठ्ठा लपवून ठेव, म्हणजे नवी वही बांधता येणार नाही. तिने लपवला आणि त्या खेपेला मी एकेचाळिसाव्या पानापर्यंत गेलो. मग पुठ्ठा गाद्यांच्या मागे सापडला. तो विक्रम मला पुन्हा मोडता आला नाही.

अठरा वह्यांतील लिहिलेली पाने कापून रद्दीत घालावीत आणि कोरी उरतील त्या वह्या ज्याला हव्यात त्याला द्याव्यात. कागद उत्तम आहे.

एकोणिसावी वही निळी. एक बाई बऱ्याच वर्षांनी बहिणीला भेटायला निघते. दोघींत अबोला झालेला असतो. नदीवरचा पूल बंद आहे, एसटी अलीकडेच थांबते, पलीकडच्या काठावर बहीण उभी दिसते. सत्ताविसाव्या पानावर बाई हातात पिशवी घेऊन उभी आहे. तिथे मी थांबलो तो सात वर्षे थांबलो. पत्नी दर काही दिवसांनी विचारायची, त्या बाईला पलीकडे कधी नेताय. मी म्हणायचो, नेतो.

मग ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी डोळे मिटूनच तिने पुन्हा तेच विचारले. मी म्हणालो, गोष्ट पूर्ण झाली आहे, वाचून दाखवतो. निळी वही उघडली, सत्तावीस पाने वाचली आणि पुढे कोऱ्या पानाकडे बघत तोंडाला येईल ते सांगत गेलो. तासभर सांगितले. बाई नदी ओलांडून गेली, दोघी भेटल्या, शेवट झाला. माझ्या आयुष्यात मी पूर्ण केलेली ती एकच गोष्ट. मध्येच पत्नी हळूच म्हणाली, “मधूनमधून पान उलटत जा.”

कागदाचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून कळायचा, मी तिला काय फसवणार होतो. मी पाने उलटायला लागलो. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. आज लिहून काढू, उद्या काढू असे करता करता नऊ दिवस गेले आणि ती गेली. त्यानंतर मी वही घेऊन बसलो तेव्हा शेवट आठवेना. सहा वर्षे झाली, एक ओळ आठवत नाही.

त्या दुपारी मुलगी खिडकीशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. वही भरलेली आहे असे ती समजते. आईला ऐकवलेली गोष्ट मला वाचायला द्या, असे तिने किती वेळा म्हटले. मी दरवेळी टाळले. मागच्या वर्षी ती म्हणाली की तुम्हाला आईची आठवणसुद्धा एकट्याला हवी आहे, आणि तेव्हापासून आमचे कामापुरते बोलणे आहे.

सबब निळी वही माझ्या मृत्यूनंतर मुलीला द्यावी. तिने त्या दुपारी जे ऐकले ते अठ्ठाविसाव्या पानापासून स्वतः

कलम ५ पुढे चालू. वरचे वाक्य अर्धे राहिले आहे ते तसेच राहू द्यावे. तिन्ही मृत्युपत्रे मी इथेच सोडली होती. आज वाक्य लिहिताना दिसले की मी मेल्यावर तिने कोरी पाने बघावीत आणि माझे उरलेले कामही करावे, अशी माझी सोय आहे. भेकडपणाला दुसरे नाव नाही. तीन वाजता ती चहा घेऊन खाली आली, तेव्हा मी तिला बसायला सांगून सगळे सांगून टाकले आणि वही पुढे केली.

तिने सत्ताविसावे पान वाचले. मग कोरी पाने एकेक करून शेवटपर्यंत उलटली. म्हणाली, म्हणजे आईला शेवटी तुम्ही खोटं वाचून दाखवलंत. मी हो म्हणालो. आईला ते कळले होते हेही सांगितले. मला तिची भीती वाटत होती, आणि तरी मी विचारले, की तुला शेवट आठवतो का.

“मी गोष्ट ऐकत नव्हते, बाबा,” ती म्हणाली. “मी आईकडे बघत होते.”

सहा वर्षे मी असे धरून चाललो होतो की माझ्याकडून हरवलेला शेवट हिच्यापाशी जपून आहे, मागायचा तेवढा बाकी आहे. तो कुठेच नाही. मला रडू आले, हे लिहायला हरकत नसावी.

चहा गार झाल्यावर ती म्हणाली की आई एकदा हसली होती. तुम्ही होडीवाल्याचे काहीतरी म्हणालात तेव्हा. गोष्टीत होडीवाला होता हेच मला ठाऊक नव्हते.

चार वाजता साक्षीदार आले. तिने त्यांना बाहेरच्या बाकावर बसवले, जरा वेळ लागेल म्हणून सांगितले आणि परत येऊन निळी वही माझ्यापुढे उघडी ठेवली.

“लिहा. मी बसते.”

मी चार ओळी लिहिल्या. होडी काठाला लागली आहे. होडीवाल्याने बाईची पिशवी मागितली आहे आणि ती द्यावी की नाही हे तिचे ठरत नाही. यावर तो काय म्हणतो, ज्याने माझ्या पत्नीला हसू आले, ते मला सुचलेले नाही. कदाचित सुचणारही नाही. डॉक्टरांनी दिलेला वेळ बघता मी कोणाला शब्द देत नाही.

कलम ६. निळी वही मुलीची आहे, मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. ती जिथपर्यंत लिहिली जाईल तिथपर्यंतच ठेवावी. पुढचे तिने किंवा कोणीही पूर्ण करू नये.

एवढीच माझी इच्छा. सर्व पाने मी स्वतः वाचली, खाडाखोड माझी आहे, आणि हे मृत्युपत्र पूर्ण झाले आहे.

सही: (पुस्तकबांधणीवाला)

आमच्यादेखत सही केली:
१. शेजारचे औषधवाले (सही)
२. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन (सही)

ठिकाण: दुकानातले मागचे टेबल
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी सव्वापाच

(खाली मुलीच्या अक्षरात)
मी वारस असल्याने साक्षीदार म्हणून माझी सही चालत नाही, असे औषधवाले काका म्हणाले. ते दोघे गेले. अजून अठ्ठाविसावेच पान आहे. मी बसले आहे.