दाढेखालचा गहू

२ तारीख, सोमवार
डोकं फिरलंय. नव्या मॅनेजरसाहेबांनी आज आम्हा सगळ्यांना धान्याच्या सायलोच्या अंगणात उभं करून सांगितलं, यापुढे एका माणसाला एकच काम. ट्रकवाल्यानं ट्रक बघायचे, कोठीवाल्यानं कोठी. आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, मग सर्टिफिकेट. नापास झाला त्यानं झाडू मारायचा. बावीस वर्षं मी इथलं प्रत्येक काम केलंय! मला शिकवणार कोण?
संकल्प: धान्य तपासनिसाची जागा मीच घेणार. वर्गात न बसता.

३ तारीख, मंगळवार
ट्रेनरबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. बरोबर डब्याएवढं मशीन. मूठभर गहू टाकला की ओल किती ते आकड्यात सांगतं. म्हटलं, बाई, त्यासाठी देवानं दाढा दिल्यात. दाणा कट्कन तुटला तर कोरडा, चामट लागला तर ओला. बाई म्हणाल्या, काका, बसा तर खरं. काका! तडक उठून आलो. आमच्यातला तो चष्मेवाला पोरगा, चष्मिस, मात्र पहिल्या बाकावर. त्याला पोतं शिवायला मी शिकवलं होतं. कृतघ्न मेला.

६ तारीख, शुक्रवार
वर्गाला गेलो नाही. डावीकडच्या दोन दाढा काढल्या. काही बिघडत नाही, उजवीकडच्या आहेत.
मेव्हणा कोठीवाल्याची परीक्षा पास झाला. हिचा धाकटा भाऊ, मीच त्याला इथे चिकटवला. म्हणे, भावोजी, कोठीत दोर बांधूनच उतरायचं, आणि दोर धरणाराही सर्टिफिकेटवालाच लागतो. मी म्हटलं, मी जन्मभर बिनदोराचा उतरलो, मेलो का? ही म्हणाली, अजून तरी नाही. घरातसुद्धा किंमत नाही.

११ तारीख, बुधवार
दाखवून दिलं! चष्मिस मशीनसकट वर्गात, बाहेर ट्रकची ही रांग, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान किटवत होते. मी अकरा ट्रक दाढेवर पास केले. सगळा माल चार नंबरच्या कोठीत. शेवटच्या दोन ट्रकचा दाणा जरा चामट लागला. उजव्या दाढेला सवय नाही, एवढंच.

१७ तारीख, मंगळवार
परीक्षा. सहा डब्यांतला गहू ओळखायचा होता. मी मशीनला हात लावला नाही. चार चुकले. डबेच दमट असणार, दुसरं काय! जागा चष्मिसला. मला झाडू. हा सरळसरळ कट आहे. तक्रार लिहिणार, कडक शब्दांत.

१९ तारीख, गुरुवार
तक्रार लिहायला वेळ नाही. अंगण मोठं आहे.

२७ तारीख, शुक्रवार
चार नंबरची कोठी तापली. आत गव्हाची ढेकळं धरली, खालून दाणा उतरेना. फोडायला मेव्हणा वरून उतरला. पायाखालचा गहू अचानक सरकला आणि तो छातीपर्यंत आत गेला. मी दोर धरायला धावलो. साहेबांनी हात आडवा घातला. तुम्ही नाही, म्हणाले. दोर चष्मिसनं धरला, म्हणून तो आणखी खाली गेला नाही. बाकीच्यांनी भोवतीचा गहू उपसला. चाळीस मिनिटं. मी झाडू धरून उभा. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.
संताप झालाय. कोणावर, ते लिहीत नाही.
जेवताना हिनं विचारलं, ओला गहू आत सोडला कुणी? मी म्हटलं, त्या मशीननं.
मेव्हणा समोरच जेवत होता. दोन्ही हात सोललेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, हो ताई, मशीनच ते. चुकायचंच.